अक्कानं फोन चार्जिंगला लावला होता

हे मी आजवर कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. आई शेवटच्या दिवसांत माझा हात धरून सारखी विचारायची, "तुला काही सांगायचंय का गं?" तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढं बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं नाही. याआधी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा भलत्याच गोष्टींत शिरले — घर कसं होतं, कॅनॉलचं पाणी कधी सुटायचं, असलं काहीतरी. आताही तसं होईल बहुतेक. होऊ दे. पण या वेळी मध्येच उठणार नाही.

माझं माहेर शिरूरचं. बारावी झाले आणि वरवंडला दिलं. गावात घर, आणि गावापासून तीनेक किलोमीटरवर, कॅनॉलच्या कडेला वस्ती. वस्तीवर सासरे, थोरले दीर आणि थोरली जाऊ. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या. सासऱ्यांना सगळे आबा म्हणायचे, दिरांना दादा, आणि जावेला मी अक्का म्हणायचे. आमचे हे कारेगावला कंपनीत होते. तिथं तिघांत मिळून एक खोली घेतलेली. आठवड्याच्या सुट्टीला घरी यायचे, दुसऱ्या दिवशी पहाटे परत. आणि गावातल्या घरात मी. अक्काची दोन मुलं गावातल्या शाळेत जायची म्हणून माझ्याजवळ ठेवलेली. त्यांचे डबे, त्यांचा अभ्यास, घराची झाडलोट. नव्या नवरीला एवढं मोठं घर एकटीच्या ताब्यात मिळालं म्हणून माझ्या मैत्रिणी हेवा करायच्या. मला संध्याकाळ झाली की भीती वाटायची.

म्हणून तो फोन यावा असा हट्ट मीच धरला. हे आधीच सांगून टाकते.

गावात तारेचा फोन होताच आमच्याकडं. पण वस्तीवर तार कोण टाकणार? शिरूरला आमच्या शेजाऱ्यांनी मळ्यासाठी लांब पल्ल्याचा कॉर्डलेस बसवला होता. मोबाइल तोवर आमच्या भागात फारसा कुणी पाहिलाही नव्हता. मी ह्यांना सांगितलं, ह्यांनी दादांना, आणि एक दिवस माझ्याच भावाच्या ओळखीचा मेकॅनिक खोकं घेऊन हजर झाला.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. त्यानं गच्चीवर लोखंडी पाइप उभा करून त्याला एरियल बांधलं. खाली कोनाड्यात बेस ठेवला — करड्या रंगाचा डबा. त्याचा अ‍ॅडाप्टर भिंतीतल्या प्लगमध्ये बसवला, आणि शेजारी आमचा जुना तारेचा फोन त्याच लाइनवर तसाच राहू दिला. हँडसेट विटेएवढा जड, वर ओढून काढायची काडी. पहिल्यांदा सोळा तास चार्जिंग करायचं, मधे हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं. अक्का मुद्दाम वस्तीवरून बघायला आली होती. ती सोळा तास त्याच्याकडं अशी बघत होती, जणू घरात बाळंतीण आहे.

दुसऱ्या दिवशी दादा आणि मेकॅनिक मोटारसायकलवर हँडसेट घेऊन निघाले. दर थोड्या अंतरावर थांबून मेकॅनिक बोलायचा. मी घरात बेसपाशी उभी. "वहिनी, ऐकू येतंय का?" "येतंय." "आता?" "येतंय." कॅनॉलपाशी नुसती खरखर झाली. ते परत आले, पाइप चार फूट वाढवला, पुन्हा गेले. आणि मग आबांचा आवाज आला — वस्तीवरून, खणखणीत. "पोरी, जेवली का गं?" मी हसले. अक्काची मुलं नाचायला लागली. मला वाटलं, आता मी एकटी नाही.

आबांबद्दल नीट सांगायला हवं. ते वाईट नव्हते — हे मला स्वतःला फार दिवस कबूल करता आलं नाही. त्यांच्या तरुणपणी घरची मेंढरं होती. पावसाळा सोडला तर वर्षभर ते कळपाबरोबर फिरलेले. नंतर कॅनॉल आला, ऊस आला, मेंढरं गेली. पण सगळे कुठं आहेत हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. आणि आता त्यांच्या हातात असं यंत्र आलं होतं की बटण दाबलं की घरात आवाज. त्या बेसला आणि हँडसेटला आपसात बोलायची सोय होती. बाहेरचा फोन नसला तरी नुसतं बटण दाबायचं, की कोनाड्यात पीं पीं पीं सुरू.

"पोरं शाळंत गेली का?" पीं पीं. "मागचं दार लावलंस का?" पीं पीं. "कुत्रं का भुकतंय?" दिवसातून वीसदा, पंचवीसदा. मी कपडे धूत असले तर ओल्या हातांनी धावायचं. उचलायला उशीर झाला तर — "कुठं हुतीस?" रागानं नाही हो. काळजीनं. पण प्रत्येक वेळी कुठं होते ते सांगायचं. न्हाणीत होते हेही सांगायचं. तुम्हाला हे किरकोळ वाटेल. मलाही पहिले दोन महिने किरकोळच वाटलं.

मग मला दुसरी गोष्ट कळली. शिरूरहून आईचा फोन आला की मी तारेच्या फोनवर बोलायचे. बोलता बोलता मधे एकदम खट्ट आवाज व्हायचा, आणि पलीकडून आईच्या आवाजाबरोबर आणखी काहीतरी ऐकू यायला लागायचं — वारा, लांबवर चालणारं इंजिन, आणि कुणाचातरी श्वास. वस्तीवर हँडसेटचं बटण दाबलं की त्याच लाइनवर सगळं ऐकू जातं, हे मेकॅनिकनं सांगितलेलं मीच विसरले होते. आबा ऐकायचे. लपवायचेही नाहीत. त्यांना त्यात काही चुकीचं आहे असं वाटतच नसावं. घरातला फोन, घरातली माणसं.

एकदा मी आईला म्हणाले, इथं जीव गुदमरतो गं. दुसऱ्या दिवशी दादा निरोप घेऊन आले — आबा म्हणतात, पोरीला करमत नाही, चार दिवस माहेरी धाडा. किती मायेनं म्हणाले असतील! पण ते चार दिवस मी शिरूरला शिक्षा भोगल्यासारखे काढले. मला जे म्हणायचं होतं ते त्यांना सांगायचं नव्हतंच ना. त्यानंतर आईशीही मी "बरंय, सगळं बरंय" एवढंच बोलायला लागले. आई म्हणायची, तू बदललीस. मी काय सांगणार? आणि कसं? त्याच फोनवरून?

आमचे हे सुट्टीला आले की मी एकच विषय काढायचे. कारेगावला आपली वेगळी खोली घ्या. मला न्या. ते म्हणायचे, आबांना विचारावं लागेल, पोरांच्या शाळेचं काय, बघू. एका सुट्टीला मात्र ते स्वतःहून हळूच म्हणाले, "एक घरमालक हाय, दोन खोल्यांचं सोमवारी सांगतो म्हणलाय. फर्स्ट शिफ्ट सुटली की चारच्या सुमारास बूथवरनं फोन करतो. तूच उचल." आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आबांनी आत्ताच ऐकायला नगं."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं.

सोमवारी पावणेचारला मी बेसचा प्लग काढला.

लिहिलं एकदाचं. प्लग मी काढला होता. भिंतीतून अ‍ॅडाप्टर ओढला आणि डब्यावरचा हिरवा दिवा गेला. तारेच्या फोनला विजेची गरज नसते, तो चालू होता. वस्तीवरच्या हँडसेटवर मात्र आता ना घंटी वाजणार होती, ना कुणाला ऐकू जाणार होतं. ना तिथून कुणाला फोन करता येणार होता. हे तिसरं मला सुचलंच नाही असं म्हणू का? सुचलं होतं. पंधरावीस मिनिटांचा प्रश्न आहे, असं मी मनाशी म्हणाले होते.

फोन सव्वाचारला आला. घरमालक तयार होता. येत्या एक तारखेपासून. दोन खोल्या, मागं नळ. ह्यांनी नळाचं दोनदा सांगितलं. मी हसत होते. लग्नानंतर पहिल्यांदा मी माझ्या नवऱ्याशी फोनवर मोठ्यानं बोलले, मोठ्यानं हसले; मधे खट्ट झालं नाही, वारा ऐकू आला नाही. आबांना कसं सांगायचं ते सुट्टीला आल्यावर ठरवू म्हणाले. साडेचारच्या आत फोन ठेवला.

इथपर्यंतचं मी स्वतःला माफ केलं असतं कदाचित. नवऱ्याशी दहा मिनिटं एकटीनं बोलायला मिळावं एवढंच तर हवं होतं. पण फोन ठेवल्यावर प्लग परत लावायचा होता. हात पुढं केलाही मी. आणि मागं घेतला.

मी चहा केला. तो चहा मी बसून, गरम असतानाच, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मग केस सोडले, तेल लावलं, निवांत वेणी घातली. घर शांत होतं. समोर पिठाची गिरणी चालू होती तिचा आवाज येत होता, तो आवाज माझ्याशी काही बोलत नव्हता म्हणून फार छान वाटला. अजून थोडा वेळ, म्हणाले. पोरं शाळेतून येईपर्यंत. पोरं पाच वाजता आली. त्यांना खायला दिलं. प्लग मी सव्वापाचला लावला. घड्याळ बघून लावला, म्हणून पक्कं माहीत आहे.

त्या वेळात वस्तीवर काय झालं ते मला नंतर अक्काकडून कळलं. दादा विहिरीवरची मोटार दुरुस्तीला घेऊन दौंडला गेले होते. शेजारची वस्ती लग्नाला गेलेली. आबा गोठ्यापुढं बसले होते. उठायला गेले आणि एका अंगावर कोसळले. तोंड वाकडं झालं, उजवा हात उचलेना. अक्कानं त्यांना सावलीत ओढलं, डोक्याखाली पोतं दिलं आणि घरात जाऊन हँडसेट उचलला. अक्काला अक्षर येत नव्हतं, पण गावात लावायचं बटण तिला पाठ होतं. तिनं दाबलं. नुसतं टूं टूं. परत दाबलं. काडी पूर्ण ओढून अंगणात आली, गोठ्याच्या दगडावर चढली, परत दाबलं. किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. तेव्हा पावणेपाच झाले असतील, कारण कॅनॉलच्या रस्त्यानं शाळेची पोरं यायला लागली नव्हती असं ती सांगायची. पावणेपाच! म्हणजे माझी वेणी घालून झाली असेल.

शेवटी आबांना तसंच टाकून ती अनवाणी रस्त्यापर्यंत पळत गेली. टेम्पो थांबवला, तो वळवून आणला, ड्रायव्हरनं आणि तिनं मिळून आबांना उचललं. दौंडला पोचायला साडेसहा वाजले. तिथं डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं. गावातून जीप पाठवायला मला किती वेळ लागला असता? जीपवाला आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचा. बसूनच असायचा तो त्या वेळी.

आबा वाचले. उजवी बाजू गेली. आणि वाचा गेली.

दुसऱ्या दिवशी दादा दौंडहून घरी आले ते थेट कोनाड्यापाशी. डब्यावर हिरवा दिवा लागलेला. त्यांनी मला विचारलं, "काल दुपारी गावात लाईट हुती का?"

नव्हती, असं म्हटलं असतं तर काय झालं असतं? कुणाचाच दोष नाही, लाइटचा दोष — आमच्याकडं तर लाइट रोजच जायची. पण समोरची गिरणी दुपारभर चालू होती, गावानं ऐकली होती. मला पकडली जायची भीती वाटली. "होती," मी म्हणाले. खरं तेच बोलले! आणि त्या खऱ्या एका शब्दानं सगळं अक्कावर गेलं. गावात लाइट होती, बेस चालू होता. म्हणजे हँडसेटच बंद पडलेला. म्हणजे बॅटरी उतरलेली; उतरली की तो असाच टूं टूं करायचा. म्हणजे अक्कानं चार्जिंगला लावला नव्हता.

दादांनी माझ्यासमोर तिला विचारलं. ती म्हणाली, "लावला हुता म्या. आदल्या रातच्याला रानातली लाईट आली तवाच लावला. लाल दिवा बगितला हुता." दादा नुसते तिच्याकडं बघत राहिले. आणि मग ती अडखळली. "बगितला हुता... का न्हाई? मला आता कायबी आठवंना बगा."

तिच्या डोळ्यांदेखत तिची स्वतःचीच आठवण तिच्या हातून सुटली. मी दाराशी उभी होते. अक्का हँडसेटला धूळ लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळून ठेवणारी बाई. देवापुढं दिवा लावायला एखादे दिवशी विसरली असेल, चार्जिंगला विसरली नसेल. हे मला माहीत होतं. मी काय केलं? आत गेले आणि भाकऱ्या थापायला बसले.

त्यानंतर दादा तिच्याशी कितीतरी महिने कामापुरतंच बोलले. भावकीतल्या बाया तिच्यासमोरच म्हणायच्या — एवढा महागाचा फोन घिऊन दिला, त्यो बी हिला सांभाळता आला न्हाई. भांडगावहून तिचा म्हातारा बाप आला, आबांच्या खाटेपाशी हात जोडून उभा राहिला, लेकीच्या वतीनं माफी मागून गेला. चहा मी दिला त्याला.

आणि मी? आबांना गावातल्या घरात आणलं, डॉक्टर जवळ म्हणून. त्यांचं करायला घरात मीच. कारेगावच्या खोल्यांबद्दल पुन्हा कुणी बोललं नाही. ह्यांनी बूथवरून घरमालकाला नको म्हणून सांगितलं, एवढंच मला कळलं. पीं पीं थांबलं. आता खाटेवरून नुसतं "आं... आं..." यायचं, आणि मी ओल्या हातांनी धावायचे. उठवणं, पुसणं, भरवणं, कूस बदलणं. सात वर्षं. गावात माझं नाव झालं — धाकटीनं सासऱ्याची सेवा करावी तर अशी. लोक आपापल्या सुनांना माझं उदाहरण द्यायचे. नाकारणार कसं? नाकारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं.

तुम्हाला वाटेल, हाच माझा गुन्हा. मीही बरीच वर्षं असंच धरून चालले होते — प्लग काढला, आणि गप्प राहिले. पण ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते अजून पुढंच आहे. ते लिहायला हात उचलत नाही.

दुसऱ्या वर्षी, एका दुपारी, मी आबांना रव्याची पेज भरवत होते. घरात कुणी नव्हतं. ते माझ्याकडं बघत होते, त्या नजरेत माया होती. मला ती सोसेना. मी वाटी खाली ठेवली आणि त्यांना सगळं सांगितलं. प्लगचं, फोनचं, चहाचं, वेणीचं. का त्यांनाच? ते कुणाला सांगू शकणार नव्हते म्हणून. कबुली दिल्याचं समाधान मला हवं होतं, आणि कुणाला कळायला मात्र नको होतं. त्यांना समजत सगळं होतं. त्यांनी तोंड मिटलं. त्या दिवशी माझ्या हातून पुढचा चमचा घेतला नाही.

संध्याकाळी अक्का दूध घेऊन आली. तिला बघताच आबांनी डावा हात उचलला. आधी कोनाड्याकडं दाखवला, जिथं तो बेस अजून होता. मग माझ्याकडं. मग अक्काकडं, आणि हात जोरजोरात हलवला — नाही, नाही. "अ... अक... अ..." त्यांच्या घशाच्या शिरा ताणल्या होत्या. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला लख्ख कळत होतं. त्यांची बोटं, त्यांचे डोळे, सगळं मीच वाचायचे. घरात दुसऱ्या कुणाला ते कळायचंच नाही. दादासुद्धा मला विचारायचे, आबा काय म्हणतात.

अक्कानं फोनच्या डब्याकडं पाहिलं, आबांच्या हलणाऱ्या हाताकडं पाहिलं, आणि तिचा चेहरा पडला. दुधाची किटली खाली ठेवून तिनं त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. "चुकलं आबा माझं. घात झाला माझ्या हातनं." आबांनी डावा पाय झटकन ओढून घेतला. तू पाया पडू नको, तुझं काही चुकलं नाही — एवढंच होतं ते! पण तिला वाटलं, लाथाडलं.

ती उठली. पदरानं तोंड पुसलं आणि मला विचारलं, "अजून राग गेला न्हाई व्हय गं त्येंचा?"

तेव्हा मी काहीही म्हणू शकले असते. पाणी मागतात, म्हणू शकले असते. मला कळत नाही, म्हणू शकले असते. प्लगचं सांगायचं धाडस नव्हतं तर निदान एवढं — अक्का, ते तुझ्यावर रागावलेले नाहीत. एवढं म्हणायला काय लागत होतं?

मी म्हणाले, "वेळ लागतो, अक्का."

आबांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की — नाही, ते मला लिहिता येणार नाही. पुढचे आठपंधरा दिवस अक्का आली की ते तसंच करायचे. कोनाडा, मी, अक्का, हात हलवणं. अक्का हळूहळू खोलीत यायचीच बंद झाली. दूध उंबऱ्यावर ठेवायची, तिथूनच हात जोडायची आणि जायची. मग आबांनी प्रयत्न सोडला. माझ्या हातून जेवायला लागले. दुसरं करणार काय होते? भरवणारी मीच होते.

ज्या माणसाच्या आवाजानं मला कोंडल्यासारखं व्हायचं, त्याच्या शब्दांच्या दाराशी मी पाच वर्षं पहारा दिला. त्यांना सांगायचं होतं ते एकच वाक्य मी बाहेर जाऊ दिलं नाही. आबा गेले त्या दिवशी सकाळी अक्का सात-आठ पावलं लांब उभी होती. दादा म्हणाले, ये, पाणी पाज. ती आली, चमचाभर पाणी घातलं, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "आबा, आता तरी माफ करा." त्यांचे डोळे उघडे होते. ते माझ्याकडं वळले का? मी बघितलं नाही. मी मुद्दाम खाली बघत होते.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दादाही गेले. मुलं आपापल्या कामाला लागली. आमचे हे कंपनीतून सुटून घरी आले. अक्का आणि मी गावातल्या घरात एकत्रच राहतो, एकाच चुलीवर — आता गॅस म्हणायचं. तिच्या लेकीनं तिच्यासाठी मोबाइल आणला होता. तिनं हात लावला नाही. "माझ्या हाताला ते धार्जिणं न्हाई," म्हणाली. लेकीचा फोन आला की मी धरते तिच्या कानाला.

गेल्या उन्हाळ्यात माझं पोटाचं ऑपरेशन झालं, दौंडलाच. नऊ दिवस अक्का माझ्या खाटेखाली सतरंजी टाकून राहिली. साठी उलटलेली बाई. मला उठवणं, पुसणं, भरवणं तिनं केलं. नर्सना हात लावू दिला नाही. एके सकाळी शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिला विचारलं, "आई का तुमी हिच्या?"

"न्हाई वो. थोरली जाऊ."

"जाऊ? आन् एवढं करता?"

माझ्या अंगावरची चादर अक्कानं सारखी केली, आणि मग म्हणाली, "करायलाच पायजे. माझ्या हातनं लई मोठी चूक झाली हुती, बाई. ती हिनं सात वरीस निस्तारली. एका शब्दानं कवा मला बोलली न्हाई."

मी जागी होते. डोळे मिटलेले ठेवले. तिला वाटलं मला झोप लागली, म्हणून ती त्या बाईला घेऊन बाहेर पॅसेजमध्ये गेली, आणि पुढचं सगळं तिथं सांगत बसली.